बीनग्रोअर्स : एका चिमुकल्या बेटावरचे तिघे

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात स्वतः रचलेले गाणे म्हणायचे असे आम्ही चौघांनी ठरविले, आणि चाल बसण्याआधीच भांडण झाले. गाणे मराठीत करायचे की इंग्रजीत? गिटार-ड्रमवर मराठी शोभत नाही, असे एकाचे म्हणणे. इंग्रजीत म्हणणे ही निव्वळ उसनवारी, असे दुसऱ्याचे. अखेर गाणे झालेच नाही. आपल्याहून कितीतरी लहान भाषेच्या लोकांनी हा तिढा कसा सोडविला असेल, हे शोधता शोधता मी माल्टापाशी येऊन पोहोचलो.

सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर, भूमध्य समुद्रात माल्टाची बेटे आहेत. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्मे. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख २० हजारांच्या आतच भरली. आपल्या कोल्हापूर शहराची वस्ती साधारण तेवढीच. तेथील माल्टी भाषा अरबी कुळातील, पण रोमन लिपीत लिहिली जाणारी. तिच्यात जगाला ‘दिन्या’ म्हणतात, पुस्तकाला ‘क्तिएब’ आणि राजाला ‘सुल्तान’. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले दुनिया, किताब, सुलतान हे शब्द तिकडे असे भेटले की गंमत वाटते. १९३४ साली इटालियनला बाजूला सारून इंग्रजीच्या जोडीने माल्टीला राजभाषेचे स्थान मिळाले.

या बेटावरच्या सेंट ज्युलियन्स गावी १९९५ मध्ये ‘बीनग्रोअर्स’ हे त्रिकूट जमले. ॲलिसन गालेया गाते आणि गिटार वाजविते, मार्क सान्सोनकडे बास गिटार आणि इयन श्रान्झकडे ड्रम. ‘४८ के’ (१९९९), स्वतःच्याच नावाची ‘बीनग्रोअर्स’ (२००१), ‘डान्स डान्स बेबी’ (२००४) आणि ‘नॉट इन अ मिलियन लव्हर्स’ (२००८) या त्यांच्या ध्वनिमुद्रिका. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘लँड ऑफ प्लेंटी’ (२००४) या चित्रपटातही त्यांचे एक गाणे आहे. गाणी सारी इंग्रजी.

ज्याला ‘इंडी’ म्हणतात ते संगीत मुळात मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाशिवाय, छोट्या प्रकाशकांच्या बळावर उभे राहिले. पुढे तो शब्द एका नादालाही चिकटला : गिटार पुढे, सफाई थोडी कमी, आणि गायकाचा आवाज शेजारी बसून बोलल्यासारखा. बीनग्रोअर्स ऐकताना प्रथम जाणवतो तो ॲलिसनचा आवाज. गिटार कितीही खरखरली तरी ती ओरडत नाही. मऊ, किंचित अलिप्त स्वरात ओळ सोडून देते. तिघांच्या वाद्यवृंदात एक अडचण असते. गाणारीच गिटार वाजवीत असल्याने गाताना तिच्या हातांना फार कसरती करता येत नाहीत. मग रिकामी जागा कोणी भरायची? बासने आणि ड्रमने. म्हणून अशा गाण्यांत बास केवळ पायाचा स्वर धरून बसत नाही, चालीचा अर्धा भार उचलतो. ज्यांना गिटार शिकायची आहे त्यांनी एकदा फक्त बासकडे कान ठेवून ही गाणी ऐकावीत. अर्थात सगळीच गाणी सारखी उतरलेली नाहीत; काही एकदा ऐकून विसरावीत अशीही आहेत.

आता त्यांचे इंग्रजी. ‘परक्या भाषेत गाऊन परदेशी बाजार गाठण्याची धडपड’ असा शेरा मारणे सोपे आहे, आणि आरंभी मीही तो मनातल्या मनात मारला होता. बाजाराचा विचार खोटा नव्हे. पाच लाखांच्या बेटावर ऐकणारे पुन्हा पुन्हा तेच, आणि बेटाबाहेर जायचे तर ड्रमसकट विमान नाहीतर बोट गाठायची. पण सेंट ज्युलियन्स व शेजारचे स्लीमा या भागांत कित्येक घरांतून इंग्रजी ही रोजची, स्वयंपाकघरातली भाषा आहे. तिथल्या मुलांनी इंग्रजीत गाणे म्हणजे घरचेच बोलणे. आमच्या वादात हा मुद्दा कोणाच्याच लक्षात आला नव्हता. आम्ही चौघेही घरी मराठीच बोलतो.

युरोव्हिजन गीतस्पर्धेतही हाच प्रश्न माल्टापुढे आला. १९७१ व १९७२ मध्ये माल्टाने माल्टी गाणी पाठविली आणि दोन्ही वेळा शेवटचा क्रमांक मिळाला. १९७५ मध्ये इंग्रजी गाणे गेले. पुढे १९७७ ते १९९८ प्रत्येक देशाला आपल्याच भाषेत गाण्याची सक्ती होती; तरी १९९१ मध्ये परतलेला माल्टा खुशाल इंग्रजीत गात राहिला, कारण इंग्रजी त्याची राजभाषाच!

मग माल्टी गप्प बसली काय? मुळीच नाही. तिच्याकडे ‘आना’ ही जुनी लोकगायकी आहे. तिच्यातील ‘स्पिर्तु प्रोन्त’ या प्रकारात गायक गिटारच्या साथीवर आयत्या वेळी यमके जुळवून एकमेकांना उत्तरे देतात. आपला कलगी-तुऱ्याचा सामना ज्याने ऐकला आहे त्याला हे निराळे समजवावे लागणार नाही. २०२१ मध्ये युनेस्कोने ‘आना’ला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आणि रॉकचे म्हणाल तर मारियो व्हेला यांचा ‘ब्रिक्कूनी’ हा समूह माल्टीतच गातो. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘कुन्त्राबान्दा’, म्हणजे चोरटा माल, २००९ मध्ये निघाली. स्वदेशीयांच्या ढोंगावर ते असे कोरडे ओढतात की ते इंग्रजीत लागलेच नसते. शिवी ज्याला द्यायची त्याला ती त्याच्या भाषेतच कळली पाहिजे. २०१२ मध्ये ‘त्राबोक्क’ आणि २०१७ मध्ये ‘रुब अल खाली’ आली.

आमच्यातल्या दोन्ही पक्षांना मी दोन्ही समूह ऐकविले. इंग्रजीवाल्याला ब्रिक्कूनी अधिक आवडले, शब्द एकही न कळता. मराठीवाला अजून बीनग्रोअर्सच गुणगुणतो. यंदाच्या संमेलनासाठी चाल तयार आहे. शब्द अद्याप नाहीत.