गिऱ्हाइकासाठी लावलेला शोध कोणाच्या मालकीचा?

गिऱ्हाइकाने दाम मोजले की माल त्याचा झाला, हा बाजारातील सर्वमान्य न्याय होय. परंतु माल आणि त्या मालात उतरलेली युक्ती या दोन भिन्न वस्तू आहेत. दुसरीला हा न्याय सरसकट लागू पडत नाही, ही गोष्ट आपल्या व्यापारी मंडळींच्या ध्यानात फार उशिरा येते. आम्हालाही ती उशिराच कळली.

बेळगावच्या आमच्या कारखान्यात २०११ साली काजू-व्यवसायातील एका गिऱ्हाइकाचे काम आले. टरफल फोडण्याचे यंत्र त्यांना सुधारून हवे होते. अखंड गर आणि तुकडा यांच्या भावात केवढे अंतर असते हे त्या धंद्यातील लोक जाणतातच. तेव्हा गर कमी तुटावा, एवढीच त्यांची मागणी. आम्ही पात्यांची ठेवण बदलली आणि लहानमोठ्या बियांना जुळेल असा त्यांना वाक दिला. काम साधले. कागद म्हणाल तर विसाराची पावती आणि शेवटचे बिल, एवढेच. पुढे तसेच यंत्र आम्ही दुसऱ्यास देऊ लागताच पहिल्या गिऱ्हाइकाने हरकत घेतली : “प्रयोगाचा खर्च आम्ही सोसला, तेव्हा युक्ती आमची.” त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. वर्षभर पत्रव्यवहार चालला, जुना घरोबा तुटला, आणि पेटंट घेण्याचे सुचले तोवर यंत्र उघडपणे विकून झाले होते. जे बाजारात उघड झाले त्याचे नवेपण संपले. नवेपण संपल्यावर पेटंट कशाचे मागावयाचे?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९७० च्या पेटंट कायद्यान्वये अर्ज करण्याचा हक्क खऱ्या व प्रथम शोधकर्त्याचा, किंवा त्याने ज्याला तो हक्क लेखी दिला असेल त्याचा. केवळ पैसे दिल्याने कोणी शोधकर्ता होत नाही. ‘गर कमी तुटावा’ ही गरज झाली. पात्याचा वाक हा शोध. उलट त्या वाकाची कल्पना गिऱ्हाइकानेच रेखाटून आणली असती आणि आम्ही ती लेथवर नुसती उतरविली असती, तर शोधकर्ते ते ठरले असते, आम्ही केवळ त्यांचे हात. दोघांचीही बुद्धी खर्ची पडली असेल आणि दोघांच्या नावे पेटंट निघाले, तर वेगळा करार नसताना वाटा समसमान. प्रत्येकाने आपापल्या लाभासाठी यंत्र खुशाल करावे, दुसऱ्यास हिशेब देण्याचे कारण नाही. मात्र दुसऱ्याच्या संमतीवाचून कोणालाही तिऱ्हाइतास परवाना देता येत नाही की आपला वाटा विकता येत नाही. असली भागीदारी कोणताही जाणता मुनीम आपल्या वहीत डोळसपणे मांडून घेणार नाही.

गंमत अशी की, वस्तूच्या बाह्य आकाराच्या बाबतीत कायदा नेमका उलट चालतो. २००० च्या डिझाइन कायद्यानुसार मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी आखलेल्या नमुन्याचा धनी, ज्याच्यासाठी तो आखला, तो गिऱ्हाईक. संगणकाच्या सॉफ्टवेअरला पुन्हा तिसरा नियम. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पगारी नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेले सॉफ्टवेअर मालकाचे, पण बाहेरच्या माणसाकडून दाम देऊन लिहवून घेतलेले, करार नसेल तर, लिहिणाऱ्याचे. ते आपल्या नावे करून घेणाराने मुदत व प्रदेश नमूद केला नाही, तर हक्क पाचच वर्षांचा आणि भारतापुरताच धरला जातो. हैदराबाद-इंदूरकडील ज्या बांधवांनी आपल्या पेढीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर बाहेरून करवून घेतले आहे, त्यांनी आपला कागद एकदा काढून पाहावा.

गुप्ततेविषयी दिल्ली उच्च न्यायालयाचा १९८७ चा जॉन रिचर्ड ब्रेडी यांच्या दाव्यातील निर्णय मननीय आहे. ब्रेडी यांनी हिरवा चारा उगविण्याचे यंत्र शोधले होते. त्याला लागणाऱ्या उष्णतारोधक तावदानांसाठी त्यांनी एका भारतीय कारखान्याला नकाशे व तांत्रिक माहिती दिली. गुप्ततेचा करारही झाला. ऑर्डर शेवटी दिली गेलीच नाही. पण त्या कारखान्याने तसलेच यंत्र स्वतः बनवून बाजारात आणले. विश्वासाने मिळालेल्या माहितीच्या शिडीवरून असे चढता येणार नाही, अशा आशयाने न्यायालयाने त्यास मनाई केली. येथे पुरवठादार बांधला गेला. गिऱ्हाईकही तसाच बांधला जाऊ शकतो. मात्र करार संपल्यावरही ‘तुम्ही हा धंदाच दुसऱ्यासाठी करू नये’ असे कलम लिहून घेणाराने १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम आधी वाचावे; धंद्यास अशी आडकाठी करणारा करार सामान्यतः निरर्थक ठरतो.

आता आमच्या कारखान्यात लोखंडाला हात लावण्यापूर्वी दोन पाने लिहिली जातात : कोणी काय आणले, आमच्या जुन्या युक्त्या कोणत्या, नवे निघाले तर कोणाचे, आणि पैसे पूर्ण चुकते होईपर्यंत हक्क कोणाकडे. गिऱ्हाइकाला हक्क लिहून दिला तरी शोधकर्ता म्हणून आमच्या कारागिराचे नाव पेटंटावर यावे, ही मागणी आम्ही सोडत नाही. कायद्यात तशी तरतूद आहे. हक्क आमच्याकडे राहावयाचा असेल तर नमुना दाखविण्याआधीच तात्पुरत्या विवरणासह अर्ज टाकतो. त्याने तारीख पदरात पडते, आणि पूर्ण विवरणास बारा महिने मिळतात. गोवा, इंदूर, ग्वाल्हेर व बडोदे येथील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. आमचे बेळगावचे आणि हैदराबादचे चेन्नईकडे.