मागच्या सीटचं हेल्मेट

मी पडलो कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे माझं मराठी बेताचंच. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, पण लेख शेवटपर्यंत वाचा. कारण विषय आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. बाईक!

लवळ्याच्या टेकडीवर राहणाऱ्याला बाईक ही चैन नाही, गरज आहे. कुठेही जायचं तरी आधी खाली उतरायचं, मग पिरंगुट-भूगाव करत चांदणी चौक, नाहीतर नांदे-सूसमार्गे. सेकंड इयरला मी सेकंडहँड बाईक घेतली. बाबांची अट एकच, हेल्मेट. ती मी पाळली. फक्त माझ्या डोक्यापुरती!

जुलैतली संध्याकाळ. भुरभुर पाऊस, मागे रूममेट. उतारावर वळण घेतलं आणि समोर कुत्रं आलं. मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. खाली ओली खडी आणि चिखल. चाक सटकलं, दोघेही आडवे. माझ्या हेल्मेटवर लांब चरा, त्याच्या कपाळाला सात टाके. दवाखान्यात त्याच्या आईचा फोन मी उचलला. त्यांनी विचारलं, "तू हेल्मेट घातलं होतंस ना रे बाळा?" मी "हो काकू" म्हणालो. पुढे शब्दच सुचेना.

त्या रात्री वही घेऊन बसलो. आपण इंजिनिअर ना! ब्रेक लावण्याआधी मेंदूला साधारण एक सेकंद लागतो, असं धरू. ताशी ४० कि.मी. वेगात तेवढ्यात ११ मीटर जातात. कोरड्या रस्त्यावर (घर्षणांक ०.७ धरून) पुढे ९ मीटर. म्हणजे २० मीटरमध्ये गाडी उभी. आता ६० चा वेग घ्या. नुसत्या विचारातच १७ मीटर गेले! चाळीसवाला जिथे थांबला, तिथे साठवाला अजून ताशी ५५ च्या आसपास असतो. घर्षणांक ०.४ धरला, म्हणजे रस्ता ओला, तर साठवाल्याला थांबायला ५० मीटरहून जास्त लागतात. वेग दीडपट, पण ब्रेकचं अंतर सव्वादोनपट, कारण ते वेगाच्या वर्गावर ठरतं.

मग पुढचा ब्रेक वाईट का? मुळीच नाही. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून कोरड्यात खरं काम तोच करतो. पण दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबत न्यायचे, आणि वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. उतारावर गिअर खालचा. न्यूट्रलवर पेट्रोल वाचवणाऱ्यांनो, इंजिनाचा ब्रेक तुम्ही फुकट घालवताय! १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. आपल्या जुन्या गाड्यांना ते बहुधा नसतंच.

निघण्याआधी दोन मिनिटं द्या. टायरची हवा आणि नक्षी, ब्रेकलाईट, चेनचा ढिलेपणा बघा. सेकंडहँड घेतलीत तर आरसी नावावर करा, विम्याची तारीख तपासा.

हेल्मेट आयएसआय मार्कचं घ्या आणि पट्टा लावा. आतला थर्माकोलसारखा थर दबून धक्का शोषतो. एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका. मी माझं बदललं. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटची कारवाई कडक झाली, तेव्हा विरोधात आंदोलनही झालं. केस गळतात, ऐकू येत नाही वगैरे कारणं मीही दिली आहेत. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, हे मला टाके पडल्यावर कळलं.

रूममेट आता ठणठणीत आहे. परवा पुन्हा माझ्या मागे बसला, माझ्यापेक्षा भारी हेल्मेट घालून! ते मीच घेतलंय. माझ्या खोलीच्या दारामागे खुंटीवर असतं. कोणाच्याही मागे बसून खाली जाणार असाल तर खुशाल घेऊन जा. फक्त परत आणून टांगा.