सील सोडा, आधी शाफ्ट बघा

ज्याच्याकडे जुना सोळा-तेरा टिपर आहे आणि सकाळी गाडीखाली स्टिअरिंग बॉक्सच्या तेलाचा लाल डाग दिसतो, त्याने गॅरेजात जाण्याआधी हे वाचावं. ‘सील बदललं की झालं’ म्हणणारा मेस्त्री त्याला भेटणारच. मलाही भेटला. डिचोलीत त्याचं नाव मोठं आहे, पण ते इथे लिहीत नाही. तालुका लहान, आणि रात्री-अपरात्री गाडी अडली तर त्याचंच गॅरेज उघडं असतं.

गाडी 2010 ची. शिरगावच्या खाणीवरून सारमानसच्या जेटीवर माती ओढायला घेतलेली. पुढचं डिचोलीकरांना सांगायला नको. 2012 ला खाणी बंद, 2014 ला कोर्टाची परवानगी, आणि 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. गाडी माडाखाली उभी राहिली. पावसाळ्यांमागून पावसाळे गेले, हप्ते मात्र चालूच. पुढे पेडण्यात बांधकामं वाढली, मोपाच्या विमानतळामुळे तिकडच्या जमिनींना भाव आला आणि खडीची भाडी मिळायला लागली, तेव्हा कुठे गाडी बाहेर काढली. पहिल्याच आठवड्यात ड्रॉप आर्मच्या वरून तेल ओघळायला लागलं.

डिचोलीच्या त्या मेस्त्रीकडे गाडी नेली. मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं, “मेस्त्री, गाडी कित्येक वर्षं उभी होती, शाफ्ट गंजला असेल. बघून घ्या.” तो हसला. “पात्रांव, गाडी तुम्ही चालवा, बॉक्स आम्हाला सोडा.” सील किट टाकलं, पैसे घेतले. थोड्या दिवसांनी पुन्हा तोच ओघळ. परत गेलो तर कंपनीचं सील खराब निघालं म्हणाला. नवं किट, पुन्हा पैसे. मग म्हणे पावसाळ्यात रबर फुगतं. मग म्हणे तेल पातळ आहे. प्रत्येक वेळी कारण नवं आणि बिल जुन्यापेक्षा मोठं. स्टिअरिंगला खेळ आहे म्हणून बॉक्सवरचा ॲडजस्टिंग बोल्टही न विचारता आवळून दिला. त्यानंतर वळणावरून बाहेर पडताना चाक आपोआप सरळ व्हायचं बंद झालं, ते हाताने ओढून आणावं लागे. यावर त्याचं उत्तर काय, तर “सवय होईल.”

मालपेच्या उतारावर भरलेल्या गाडीचं स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. तेल संपलं तरी या बॉक्समध्ये चाकांशी असलेला यांत्रिक जोड सुटत नाही, गाडी वळते. पण भरल्या टिपरला हातांच्या जोरावर वळवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. कशीबशी बाजूला घेतली आणि धारगळच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना बोलावून आणलं.

त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारलं, “जुनं सील कुठे आहे?” मी म्हटलं, ते गॅरेजात ठेवून घेतलं. “हं,” एवढंच म्हणाले. पुलर लावून ड्रॉप आर्म उतरवला, सील काढलं, डिझेलच्या चिंधीने शाफ्ट पुसला आणि माझं बोट धरून त्यावर फिरवलं. नख अडकलं. सीलची कड जिथे टेकते नेमकी तिथेच शाफ्टभोवती गंजाने खाल्लेली चर होती. खाणीची लाल धूळ आणि पावसाचं पाणी त्या कडेखाली इतकी वर्षं साचून राहिलं, शाफ्ट हलला नाही, दुसरं काय होणार? या चरीवर कुठलंही सील बसवा, ते तेल धरणार नाही.

इथवर मी गप्प होतो. पण म्हाताऱ्यांनी बॅटरी जवळ धरली तेव्हा चरीच्या दोन्ही बाजूंना पॉलिश पेपरचे ताजे ओरखडे दिसले. सीलच्या बाहेरून काळ्या सिलिकॉनचा जाड थर थापलेला होता. म्हणजे त्याने चर पाहिली होती! घासून बघितलं, जाईना, म्हणून वरून लिंपली आणि मला रबर फुगण्याच्या गोष्टी सांगितल्या. न कळून चुकला असता तर मी एक शब्द लिहिला नसता.

आता कामाचं सांगतो. बॉक्स, होज आणि पंप डिझेलने धुऊन कोरडे करा, टाल्कम पावडर मारा, इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा आणि तुम्ही लांबून बघा. पंपाचं किंवा होजच्या जोडाचं तेल ओघळून बॉक्सखाली येतं आणि विनाकारण बॉक्स उघडला जातो. खालच्या शाफ्टचीच गळती असेल तर ड्रॉप आर्म उतरवताना तुम्ही स्वतः हजर राहा. आर्म आणि शाफ्ट दोन्हींवर खूण करून घ्या. घणाने ठोकू देऊ नका, आतल्या बेअरिंगला मार बसतो. सील निघालं की नख फिरवा. शाफ्ट हाताने धरून हलवूनही बघा, कारण बेअरिंग झिजलं असेल तर नव्या सीलचीही कड उचलली जाते.

चर असेल तर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवता येते, किंवा शाफ्ट बदलायचा, नाहीतर अख्खा बॉक्स. लेथवाला ‘वेल्डिंगने भरून टर्न करून देतो’ म्हणेल, स्वस्तही पडेल. तिथून सरळ निघून या. त्या शाफ्टचं पाणी उतरलं आणि तो चोरला घाटात तुटला तर गाडीचं काय होईल ते वेगळं सांगत नाही. मी चोरला ओलांडून बेळगावहून शाफ्ट आणला. हायड्रॉलिकची कामं जाणणारी माणसं तिथे आहेत. इथे कुणी मान्य करणार नाही.

तेल बॉक्सवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घाला, बहुतेक ते एटीएफ असतं. गळती थांबावी म्हणून ब्रेक ऑइल मिसळणारे महाभाग आहेत; त्याने रबर फुगून मऊ पडतं आणि सगळीच सीलं जातात. टाकीतला फिल्टर बदला. मग पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. एरवीही चाक पूर्ण वळवून धरून ठेवू नका. क्रशरवर जागच्या जागी गाडी वळवणारे ड्रायव्हर नेमकं हेच करतात. ॲक्सलचे स्टॉप बोल्ट कुणी छेडले असतील तर तेही तपासून घ्या, नाहीतर टोकाला दाब सुटत नाही आणि सगळा भार सीलवर येतो.

गाडी उभी ठेवायची वेळ आलीच तर पंधरवड्यातून एकदा इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवा. जुने पार्ट मागून घ्या, ते तुमच्या पैशाचे आहेत. बिल घ्या, ओळखीवर विसंबू नका, वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे. स्वतः गाडी चालवून पोट भरणाऱ्याला 2019 च्या ग्राहक कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं आणि त्यासाठी 2 वर्षांची मुदत असते. पण कागद नसेल तर तिथे जाऊन बोलणार काय? मला डिचोलीच्या मेस्त्रीने छापील बिल दिलं नव्हतं. सिगारेटच्या पाकिटावरचा आकडा दिला होता.

त्याला जाऊन विचारलं तेव्हा तो चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, मी गाडी ओव्हरलोड भरतो म्हणून सील जातं. आता तालुकाभर तेच सांगत फिरतो. क्रशरच्या वजनकाट्याच्या सगळ्या पावत्या माझ्या डॅशबोर्डात आहेत. ज्याला बघायच्या असतील त्याने खुशाल यावं, त्यानेसुद्धा.