स्थलनामाचा अभ्यास : ठाणे

एखाद्या गावाचे नाव हाही इतिहासाचा पुरावा असतो. तो कसा वाचावा, हे प्रस्तुत पाठात आपण ठाणे या जिल्ह्याच्या ठिकाणाच्या आधारे पाहू.

१. भौगोलिक स्थान
ठाणे शहराचा जुना भाग साष्टी बेटावर, खाडीच्या पश्चिम तीरावर वसला आहे. खाडीपलीकडे पारसिकचे डोंगर आहेत. समुद्राकडून येणारा जलमार्ग आणि घाटाकडून उतरणारा खुष्कीचा मार्ग यांवर येथून लक्ष ठेवता येई. त्यामुळे सत्ता बदलल्या, तरी सत्तेचे हे ठिकाण बदलले नाही.

२. ऐतिहासिक टप्पे
उत्तर कोकणच्या शिलाहारांची ही राजधानी होती. सोळाव्या शतकात येथे पोर्तुगिजांचा अंमल आला. त्यांनी १७३० मध्ये किल्ला बांधावयास घेतला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी घेतला. आज त्यात कारागृह आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी रेल्वे येथवर आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. ठाणे मात्र आपल्या जिल्ह्याचे मुख्यालय राहिले.

३. नामाची घडण
शिलाहारांच्या लेखांत 'स्थानक', 'श्रीस्थानक' ही रूपे आढळतात. स्थानकम् → ठाणअं → ठाणें असा हा प्रवास आहे. प्राकृतात 'स्थ'चा 'ठ' व 'न'चा 'ण' झाला. स्वरांमधील 'क' लोपला. खेटकम् → खेडें हे याच प्रकारचे उदाहरण होय. म्हणूनच आपण 'खेड्यात' तसे 'ठाण्यात' म्हणतो. अलीकडे ऐकू येणाऱ्या 'ठाणेला' या रूपात ही परंपरा पुसली जाते. 'ठाण्याला' या रूपात ती टिकून आहे.

४. एक सावधगिरी
स्थानकालगतच्या 'नौपाडा' या नावातील 'पाडा' म्हणजे लहान वस्ती. आज तेथे दाट शहरी वस्ती असली, तरी नावाने जुना शब्द जपला आहे. मात्र 'नौ' म्हणजे नऊ की नौका, हे केवळ ध्वनिसाम्यावरून ठरवू नये. जुने लिखित रूप हाती येईपर्यंत अशी व्युत्पत्ती तर्कच मानावी.

स्वाध्याय
आपल्या गावाच्या नावाची बोलीतील, सातबाऱ्यावरील आणि फलकावरील रूपे नोंदवा. त्यांत फरक आढळल्यास कोणते रूप जुने असावे, ते सकारण लिहा.