छातीतले पाणी आणि ऑपरेशन : सही करण्याआधी

मेसोथेलिओमा हा फुप्फुसावरच्या किंवा पोटातल्या पातळ आवरणाचा कॅन्सर. मुख्य कारण ॲस्बेस्टॉसची धूळ. सिमेंटच्या पत्र्यांचे कारखाने, जहाजतोडणी, बॉयलर-पाइपांचे लेपन अशा कामांत ती श्वासावाटे आत जाते आणि आजार 20 ते 50 वर्षांनी वर येतो. म्हणून निवृत्त कामगाराला धाप लागली, छातीत पाणी झाले, तर डॉक्टरांना त्याचे जुने काम आधी सांगा. पाणी म्हणजे टीबीच, असे धरून चालू नका.

‘ऑपरेशन’ हा एकच शब्द कानावर पडतो, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी असतात.

1. निदानाचे : दुर्बिणीने आवरणाचा तुकडा काढतात. नुसत्या पाण्याच्या तपासणीवर निदान बऱ्याचदा पक्के होत नाही. तुकड्यावरून कॅन्सरचा प्रकार कळतो. सार्कोमॅटॉइड प्रकारात मोठे ऑपरेशन सहसा करत नाहीत.

2. आरामाचे : पाणी काढून टाल्क पावडर सोडतात. आवरणे चिकटली की पाणी साठायला जागा उरत नाही. किंवा बारीक नळी बसवतात, मग पाणी घरीच काढता येते. कॅन्सर जात नाही, पण धाप कमी होते, झोप लागते. हे उपचार कमी दर्जाचे समजू नका.

3. छातीचे मोठे : फुप्फुस ठेवून आवरण सोलतात, किंवा आवरणासह अख्खे फुप्फुस काढतात. दुसरे आता क्वचितच करतात. पहिल्याची तपासणी ब्रिटनमध्ये 335 रुग्णांवर झाली, निष्कर्ष 2024 मध्ये आले. फक्त केमो घेतलेल्यांपैकी निम्मे सुमारे 25 महिन्यांहून जास्त जगले. ऑपरेशन आणि केमो दोन्ही घेतलेल्यांत हाच आकडा सुमारे 19 महिने होता, आणि गंभीर त्रासही त्यांनाच अधिक झाला.

4. पोटाचे : गाठी काढून पोटात गरम केमो फिरवतात. याला हायपेक म्हणतात. निवडक रुग्णांना याचा चांगला उपयोग होतो. मात्र ते अनुभवी कॅन्सर रुग्णालयातच करावे.

म्हणून घर गहाण ठेवण्याआधी आम्ही तीन प्रश्न विचारायला सांगतो. हे ऑपरेशन आयुष्य वाढवण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी? केले नाही तर काय? केमो किंवा इम्युनोथेरपीचा पर्याय आहे का? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आणखी एक. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. कामाचे ओळखपत्र, पगारपावत्या, ईएसआय कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा. नुकसानभरपाई मागताना हेच कागद बोलतात.