रजा दिली ना, मग आणखी काय हवं?

प्रसूती रजा 180 दिवसांची, आणि केंद्र सरकारचा बालशिक्षण भत्ता सुरू होतो मूल शिशुवर्गात गेल्यावर. मधली अडीच वर्षं पाळणाघराची फी पगाराचा लचका तोडत असते, तेव्हा सरकारकडून दमडीही येत नाही. हे बोललं की आस्थापना शाखेतून ठरलेलं उत्तर मिळतं, ‘बाल संगोपन रजा आहे की!’ त्यावर विसंबू नका, असं मी नव्या आयांना बजावते. केंद्रात ही रजा 730 दिवसांची आहे, पण ती अख्ख्या नोकरीत, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत पुरवायची. पहिले 365 दिवस पूर्ण पगार, पुढचे 80 टक्क्यांवर. महाराष्ट्राने 2018 मध्ये राज्य कर्मचाऱ्यांना दिली ती 180 दिवसांची. दुखणीखुपणी आणि दहावी-बारावी यांतच ती संपते. रोजच्या पाळणाघराची जागा ती काय घेणार? शिवाय रजा हा हक्क नाही हे प्रत्येक साहेबाला तोंडपाठ असतं. स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही मेहेरबानी नसून घटनेची अपेक्षा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये याच रजेच्या प्रकरणात सांगितलं, ते मात्र टिपणीत कधी उतरत नाही.

पाळणाघरासाठी भत्ता मागितला की विचारतात, ‘घरकाम करणारीला कोण देतं भत्ता? मग तुम्हालाच का?’ हा आक्षेप बोचतो, कारण त्यात तथ्य आहे. तिलाही मिळायलाच हवा. पण शाळेसाठी 2024 पासून दरमहा 2812 रुपये 50 पैसे, दोन मुलांपर्यंत, सचिवाला आणि शिपायाला सारखेच देताना सरकारला हा प्रश्न पडला नाही. म्हणजे तत्त्व मान्य आहे, फक्त मुलाचं वय चुकीचं धरलंय. पाळणाघराच्या पावतीवर हाच भत्ता मिळाला, तर टेबल रिकामं राहणार नाही आणि सहकाऱ्यांची कुरकुरही ऐकावी लागणार नाही. बाल संगोपन रजा केंद्रात एकल पित्याखेरीज पुरुषाला नाहीच. भत्ता आईबापांपैकी कुणीही घेऊ शकतं.

तोवर तोंडी काही मागू नका. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, नकाराचं कारण लेखी मागा. लेखी म्हटलं की बरेच नकार मऊ पडतात. बाल संगोपन रजा अर्जित रजेतून वजा होत नाही, तेव्हा नोंद वेगळी झाली आहे का ते सेवापुस्तक उघडून पाहा. दोघं सरकारी नोकरीत असाल तर भत्ता एकालाच मिळतो, कोण घेणार ते आधी ठरवा. पाळणाघरात उशिराचा आकार किती, हेही विचारा. धीर धरा वगैरे सगळे सांगतातच. आणि कुणी ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं ऐकवलं, तर वाद घालू नका. 2008 पूर्वी केंद्रातही ही रजा खरंच नव्हती. अर्जावर शेरा तेवढा लिहून घ्या.