सरकारी लिलावात उतरायच्या आधी

अगं, तुझा निरोप मिळाला. गोठ्याच्या शेडसाठी जुने अँगल आणि पाइप हवेत, बचत गटाच्या मसाल्याच्या खोलीला दोन लोखंडी कपाटं हवीत, आणि सरकारी लिलावात असलं सामान स्वस्तात मिळतं असं तुला कुणीतरी सांगितलंय. सांगणाऱ्याने खोटं सांगितलेलं नाही. मात्र ते शोधायचं कुठे, सापडल्यावर बघायचं काय आणि थांबायचं कधी, हे तुला नीट कळायला हवं. सावकाश वाच, घाई नाही.

हा माल येतो कुठून ते आधी समजून घे. प्रत्येक सरकारी कचेरीत जडवस्तूंची नोंदवही असते. टेबल, कपाट, पंखा, गाडी, सगळं तिच्यात चढवलेलं असतं. वस्तू निरुपयोगी ठरली की तिचं निर्लेखन करतात, म्हणजे नोंदवहीतून कमी करून ती विकायला काढतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे, अशा मालाची उरलेली किंमत २ लाख रुपयांच्या वर धरली असेल, तर जाहिरात देऊन निविदा मागवाव्या लागतात किंवा जाहीर लिलाव करावा लागतो. ओळखीच्या भंगारवाल्याला परस्पर देऊन टाकता येत नाही. त्या मालावर बोली लावण्याचा हक्क पुण्यातल्या व्यापाऱ्याला जेवढा आहे, तेवढाच आपल्या निमोणे गावातल्या बाईलाही आहे.

हक्क पूर्वीही होता, पण खबर लागत नव्हती. लिलावाची सूचना कचेरीच्या फळ्यावर लागायची, नाहीतर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात यायची. कचेरीत ऊठबस असणाऱ्यांनाच ती दिसायची. मग लिलावाच्या दिवशी ठरलेले चार व्यापारी जमायचे, आपसात संगनमत करून एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प राहायचं, असेही प्रकार चालायचे. संकेतस्थळांमुळे हे बदललं, आणि म्हणूनच मला त्यांचं मोल वाटतं. सूचना सगळ्यांना एकाच वेळी दिसते, बोली घरबसल्या लागते आणि समोर कोण बोली लावतंय ते कळत नाही. बाईमाणसाला दडपून टाकणारी ती गर्दीच तिथे नसते.

आता शोधायचं कुठे ते सांगते. एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेने बनवलेलं सरकारी ई-लिलाव संकेतस्थळ आहे. त्यावर जागेनुसार, खात्यानुसार आणि मालाच्या प्रकारानुसार लिलाव शोधता येतात. दुसरी एमएसटीसी. ही केंद्राच्या पोलाद मंत्रालयाखालची कंपनी १९६४ साली भंगाराच्या व्यापारासाठीच निघाली. सरकारी कंपन्या आणि खात्यांचा पुष्कळ टाकाऊ माल तिच्याकडून विकला जातो. तिसरं जेम, म्हणजे सरकारी ई-बाजारपेठ. २०१६ साली ते सरकारी खरेदीसाठी सुरू झालं, आता त्यावर विक्रीचे लिलावही होतात. रेल्वेचं भंगार आयआरईपीएस या तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर निघतं, आणि आपल्याजवळ दौंडसारखं मोठं जंक्शन आहे, हे विसरू नकोस. नुसतं बघायला कुठेच पैसे पडत नाहीत. सगळ्या सूचना एका जागी गोळा करून वर्गणी मागणारी खासगी संकेतस्थळंही आहेत. शोधायला त्यांचा उपयोग होतो, पण मूळ सूचना खात्याकडे फुकट असते. तिथे खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

शोधण्याचीही एक रीत आहे. मराठीत ‘लिलाव’ टाकून फारसं हाती लागणार नाही, कारण या संकेतस्थळांचा बराचसा कारभार इंग्रजीत आहे. ‘स्क्रॅप’, ‘अनसर्व्हिसेबल’, ‘कंडेम’, ‘ऑब्सोलीट’, ‘फर्निचर’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाकून बघ. गटात एखादी कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर तिला शेजारी बसव. आणि जिल्हा फक्त पुणे धरू नकोस. घोड नदी ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो, म्हणजे जिल्हाच बदलतो. तिकडचा माल तुला पुण्यापेक्षा जवळ पडेल. त्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण जुन्या नोंदी अहमदनगर नावाखाली असू शकतात, म्हणून दोन्ही नावांनी शोध. ग्रामपंचायत आणि तहसीलच्या लहान लिलावांच्या सूचना मात्र अजूनही फळ्यावर लागतात. शिरूरला गेलीस की तो फळा वाचल्याशिवाय परतू नकोस.

सूचना सापडली की शेवटपर्यंत वाच, अटींसकट. ‘जेथे आहे, जसे आहे’ ही अट जवळपास प्रत्येक ठिकाणी असते. माल गंजलेला निघाला किंवा कपाटाला दार नसलं, तर नंतर तक्रार ऐकून घेत नाहीत. म्हणून पाहणीची तारीख दिलेली असते त्या दिवशी स्वतः जा. बैलबाजारात दात बघितल्याशिवाय आपण दावं हातात घेत नाही, तसंच हे. फोटोवर जाऊ नकोस. सोबत गावातला वेल्डिंगवाला ने, अँगलला हातोडी मारून बघू दे, वजनाचा अंदाज घेऊ दे. लॉट कसा केलाय तेही बघ. तुला हवी दोन कपाटं, आणि लॉटमध्ये चाळीस मोडक्या खुर्च्या असल्या, तर त्या सगळ्या उचलाव्या लागतात.

काही माल आपल्यासाठी नसतो, तो सोडून दे. जुने संगणक आणि प्रिंटर ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. बॅटऱ्या आणि वापरलेलं तेलही नोंदणी किंवा परवानगी असलेल्या पुनर्वापर उद्योगांसाठीच असतं. गाडीचा मोह झाला तर फार जपून. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं उलटलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते. अशी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडावी लागते, ती रस्त्यावर चालवायला मिळत नाही. त्याहून नवी गाडी जाहीर लिलावात घेतलीस, तर ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत आरटीओत नमुना ३२ भरून ती नावावर करून घ्यावी लागते. लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्रीचं पत्र हातात घेतल्याशिवाय गाडी हलवू नकोस.

पैशाचा हिशोब बोलीच्या आदल्या दिवशी वहीत मांड. समज, लोखंडी भंगाराचा लॉट ६०,००० रुपयांना तुझ्या नावावर लागला. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १०,८०० रुपये. झाले ७०,८००. वर टीसीएस हा कर, क्रेन किंवा हमाली, टेम्पोचं भाडं. ठरल्या मुदतीत माल उचलला नाहीस तर जागेचं भाडं वेगळं. हे सगळं धरूनही शिरूरच्या दुकानातल्या भावापेक्षा स्वस्त पडत असेल तरच बोली लाव. तुझा शेवटचा आकडा आधी लिहून ठेव. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढते, समोरचा वाढवत जातो आणि आपलाही हात थांबत नाही. आकडा गाठला की मोबाइल खाली ठेव. बोली जिंकून पैसे भरले नाहीस तर बोलीआधी भरलेली अनामत रक्कम जप्त होते. सर्वात जास्त बोली तुझी असली तरी काही लिलावांत खात्याची मंजुरी यावी लागते. ती येईपर्यंत टेम्पो ठरवू नकोस.

फसवणुकीबद्दल कान उघडे ठेवून ऐक. लष्कराच्या किंवा कस्टमच्या गाड्या स्वस्तात देतो, असे फोन आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप येतात. सरकारी लिलावाची अनामत कुणा माणसाच्या खात्यात किंवा कुणी पाठवलेल्या क्यूआर कोडवर कधीच भरायची नसते. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असलं की संकेतस्थळ सरकारी, ही खूण चांगली, पण एमएसटीसीसारख्या खऱ्या सरकारी कंपनीच्या लिलाव संकेतस्थळाला ती नाही. म्हणून खात्याच्या मूळ सूचनेत दिलेल्या पत्त्यावरूनच आत जा. तरीही पैसे गेलेच, तर लाजत बसू नकोस, त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन कर.

शेवटचं सांगते, ते मनात धरून ठेव. नोंदणी तुझ्या नावाने कर, पासवर्ड आणि ओटीपी तुझ्याच हातात ठेव. ‘ताई, तुमच्या नावावर आम्ही बोली लावतो, तुम्हाला हजार-दोन हजार देऊ’ असं म्हणत कुणी आलं, तर दारातूनच परत पाठव. उद्या काही वाकडं झालं तर नोटीस तुझ्या नावाने येईल. गटाच्या पैशातून घ्यायचं असेल तर बैठकीत ठराव लिही, जास्तीत जास्त किती जायचं तो आकडा त्यात घाल, सगळ्यांच्या सह्या घे. कर्ज काढून किंवा दागिने ठेवून लिलावात उतरू नकोस.

आणि पहिले दोन-तीन लिलाव नुसते बघ. कोणता माल कितीला गेला ते वहीत टिपून ठेव. भाव कळायला लागला, माल डोळ्यांनी पाहिला आणि खर्चाची बेरीज जमली की मग बिनधास्त बोली लाव. तू बाई आहेस आणि खेड्यात राहतेस, म्हणून त्या लिलावात तुला कुणी अडवू शकत नाही.